खुले पत्र : युरोपातल्या महाराष्ट्र मंडळांच्या खजिनदारांना

खजिनदार मंडळींना सप्रेम नमस्कार.

अध्यक्षांना सोडून हिने आपल्याला का गाठलं, असं तुम्हाला वाटेल. अध्यक्ष दोन वर्षांनी बदलतात, आणि बदलले नाहीत तरी त्यांचा निम्मा वेळ सत्कार करण्यात आणि उरलेला करवून घेण्यात जातो. पैसे कुठे गेले हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. मला जे सांगायचंय ते शेवटी पैशांपाशीच येऊन अडणार आहे, म्हणून मधली दारं न ठोठावता थेट तुमच्याकडे आले.

मी सांगलीची. एकोणीस वर्षं ब्रसेल्समध्ये आहे. दिवसा हिशेब तपासते, म्हणजे तुमच्याच पंथातली, आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी (प्रयोग जवळ आला की पाच) इथल्या एका हौशी इंग्रजी नाट्यगटाची प्रॉपर्टी सांभाळते. कप, पत्र, काठी, चष्मा, विझलेली सिगारेट, जे जे नटाच्या हाताला लागतं ते वेळेवर, ठरल्या विंगेत, ठरल्या टेबलावर असणं ही माझी जबाबदारी. कॉलेजात असताना राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी भावे नाट्यमंदिराच्या विंगेत मी हेच करत होते. त्यामुळे परदेशात येऊन मी काही नवीन शिकले असं नाही. विसरलेलं परत सापडलं, इतकंच.

गेल्या मार्चमधली एक रात्र सांगते. शनिवार, शेवटचा प्रयोग. सव्वादहाला शेवटचा ब्लॅकआउट झाला, टाळ्या झाल्या, लोक बारकडे वळले. अकराच्या आत सगळा संच जुन्या जीन्समध्ये परत स्टेजवर. अर्ध्या तासापूर्वी जी बाई नाटकात मरून पडली होती ती गुडघ्यांवर बसून ड्रिलने स्क्रू काढत होती. दिग्दर्शक शिडीवर चढून दिवे उतरवत होता. त्याला कुणी ‘सर, तुम्ही राहू द्या’ म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर तो गोंधळला असता. मी एका कोपऱ्यात मोरंब्याच्या रिकाम्या बरण्या मांडून बसले होते. चाळीस मिलिमीटरचे स्क्रू एका बरणीत, साठचे दुसरीत, ऐंशीचे तिसरीत, वाकलेले डब्यात. शेजारी युरोपीय आयोगात बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर असलेला एक आयरिश गृहस्थ फ्लॅटच्या, म्हणजे नेपथ्यातल्या रंगवलेल्या उभ्या भिंतीच्या, मागची लाकडं मोजत होता. आमच्याकडे एक फ्लॅट आहे, त्याची कड कुठेतरी आपटून उडालीय. तिथे नख लावून खरवडलं की मागच्या नाटकांचे रंग एकाखाली एक निघतात : राखाडी, त्याखाली मोरपिशी, त्याखाली कुठल्यातरी ड्रॉइंगरूमचा गुलाबी, त्याखाली जंगलाचा हिरवा. कांद्यासारखा. रात्री दीड वाजता स्टेज झाडून काढलं, दिवे बंद केले, आणि सोमवारी पुढच्या नाटकाचं वाचन होतं.

आता आपल्याकडचा एक प्रसंग. कुठल्या मंडळाचा ते सांगत नाही, ओळखणारे ओळखतील आणि न ओळखणाऱ्यांना तो आपलाच वाटेल. गणेशोत्सवात मुलांचं नाटक बसवायचं ठरलं. मी हौसेने हो म्हटलं. आठ शनिवार, चौदा मुलं, वयं सहा ते तेरा. घरात मराठी समजणारी पण बोलायला लाजणारी पोरं. त्यातल्या एका मुलाला ‘ळ’ म्हणता येत नव्हता, तो आईबरोबर गाडीत बसून महिनाभर ‘कावळा, बावळा, आवळा’ घोकत होता. नाटक बावीस मिनिटांचं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी आधी दीपप्रज्वलन, मग प्रायोजकांचं भाषण, मग दुसऱ्या प्रायोजकांचं भाषण, मग पाहुण्या गायकाला रात्रीचं विमान गाठायचंय म्हणून त्यांचा कार्यक्रम अलीकडे. सगळं झाल्यावर सचिव विंगेत येऊन मला म्हणाले, “ताई, सात मिनिटांत बसवता येईल का?” कावळा सोळाव्या मिनिटाला येत होता. तो आलाच नाही. पिसं लावून विंगेत उभा राहिलेला तो मुलगा मला अजून दिसतो. पुढच्या वर्षी त्याला मी विचारलं, नाटकात येतोस का? त्याने मला इंग्रजीत ‘नको’ म्हणून सांगितलं.

सचिव वाईट नव्हते. त्यांच्यासमोर तुमची वही होती. पाहुण्यांवर मंडळाची जवळजवळ सगळी शिल्लक लागली होती, आणि मुलांच्या नाटकावर लागला होता कार्डबोर्ड आणि एक डबा रंग. ज्यावर जास्त खर्च, त्याला जास्त वेळ. हा न्याय हिशेबाच्या वहीतून निघतो, म्हणून तक्रार वहीवाल्यांकडे.

तुम्ही म्हणाल, ब्रिटिशांकडे पैसा असतो, जागा असते, सरकारी पाठबळ असतं. हे मी बरीच वर्षं ऐकलंय आणि ते खरं नाही. ब्रसेल्समधला इंग्लिश कॉमेडी क्लब 1909 पासून आहे. जिनिव्हाची इंग्लिश ड्रामा सोसायटी 1933 ची, तोक्योचे इंटरनॅशनल प्लेअर्स तर 1896 चे. आपलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं, म्हणजे वयाने आपणही अगदी कालचे नव्हे. या गटांत एकही माणूस पगारी नसतो. 1967 मध्ये नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रसेल्सला आलं, 1973 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड युरोपीय समुदायात शिरले, आणि इंग्रजी बोलणारी, संध्याकाळी काय करावं न सुचणारी हजारो माणसं या पावसाळी शहरात येऊन पडली. त्यातून अमेरिकन थिएटर कंपनी, आयरिश थिएटर ग्रुप, ब्रसेल्स शेक्सपिअर सोसायटी, संगीत नाटकं करणारी लाइट ऑपेरा कंपनी असे गट उभे राहिले. एका शहरात इतके गट म्हटल्यावर भांडणं आलीच. नट पळवण्यावरून होतात, तारखांवरून होतात. पण त्यातल्या तिघांनी मिळून स्कारबेक भागात एक सामाईक जागा केली, ‘वेअरहाउस’ नावाची. नावाप्रमाणेच गोदाम. तिथे तालमी होतात, छोटे प्रयोग होतात, कपडेपट आणि फ्लॅट राहतात. आपल्याकडे एका शहरात दोन मंडळं झाली की एकाच रविवारी दोन ठिकाणी कोजागिरी होते.

कागदोपत्री हे गट तुमच्या मंडळासारखेच असतात. बेल्जियमच्या कायद्याप्रमाणे ना-नफा संस्था, वार्षिक वर्गणी, सर्वसाधारण सभा, तीत दरवर्षी तोच माणूस उठून तोच प्रश्न विचारतो. वर्गणीत फारसं काही होत नाही. पैसा येतो तिकिटांतून आणि मध्यंतरातल्या बारमधून. बारवर उभं राहण्याची पाळी प्रत्येकावर येते, या महिन्यात नायक असलेला पुढच्या महिन्यात ग्लास विसळतो. (आपल्या बटाटेवड्यात याहून जास्त पैसा आहे. पण आपण केटरर बोलावतो.)

खर्चातली एक ओळ मात्र तुम्ही नीट पाहावी अशी आहे. लेखकाचं मानधन. इंग्रजी गट नाटक निवडतो तेव्हा पहिलं पत्र जातं हक्क सांभाळणाऱ्या संस्थेला. सॅम्युएल फ्रेंच हे त्यातलं जुनं नाव, 1830 पासूनचं, आता काँकॉर्ड थिएट्रिकल्सच्या छत्राखाली आहे. हौशी प्रयोगांचे दर वेगळे असतात, दर प्रयोगामागे पैसे भरावे लागतात, जाहिरातीत लेखकाचं नाव ठरल्याप्रमाणे छापावं लागतं, परवानगीशिवाय वाक्य गाळता येत नाही. लंडनमध्ये त्याच नाटकाचा व्यावसायिक प्रयोग येणार असेल तर हौशी गटाला हक्क नाकारलेही जातात. आमचं एक नाटक असंच गेलं, आठवडाभर हळहळलो आणि दुसरं घेतलं. पैसे मिळवत नाही म्हणून फुकट करू द्या, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

हेच वाक्य मी आपल्या एका बैठकीत ऐकलं. दिवाळीला एक गाजलेलं विनोदी नाटक बसवलं होतं. मी विचारलं, लेखकाची परवानगी? सगळे हसले. “आपण काय धंदा करतोय का?” हॉलचं भाडं दिलं, साउंडवाल्याचे पैसे दिले, फ्लेक्स छापला, जेवणाचं बिल भरलं. एकट्या लेखकानेच मराठीवर प्रेम म्हणून फुकट राबायचं होतं. त्या लेखकाला एक ईमेल गेली असती तर तो बहुधा आनंदाने हो म्हणाला असता, आणि चार पैसे मिळाले असते तर महिनाभर मित्रांना सांगत सुटला असता की माझं नाटक ब्रसेल्सला झालं. तेही सुख आपण त्याला दिलं नाही.

पँटोमाइमबद्दल एक परिच्छेद लिहितेच, कारण तो प्रकार पाहिला तेव्हा मी पहिल्यांदा त्या प्रेक्षागारात मोठ्याने हसले. नाताळाच्या आसपास ब्रिटिश लोक जगात असतील तिथे हे करतात. परीकथेचं निमित्त, मधेमधे गाणी, स्थानिक पुढाऱ्यांवर टोले, आणि प्रेक्षकांनी ओरडून उत्तरं द्यायची. खलनायक मागून आला की सगळी पोरं ‘मागे बघ, मागे बघ!’ म्हणून किंचाळतात. आणि त्यात एक ‘डेम’ असते, म्हणजे साडेपाच फुटी झगा घालून, छातीत उशा कोंबून, रंग फासून आलेला पुरुष. इंग्रज मित्र मला समजावू लागला की ही परंपरा कशी खास ब्रिटिश आहे. मी म्हटलं, थांब. ही आमची मावशी. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघते, कृष्ण वाट अडवतो, तीच. त्याला मोबाइलवर तमाशातली मावशी दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हिला टायमिंग आमच्यापेक्षा बरं आहे. त्या पँटोत स्टेजवर साठेक माणसं होती. निम्मी मुलं. आई-बाप कपडे शिवत होते, आजोबा तिकिटं फाडत होते. मुलांच्या शाळेतल्या बेल्जियन, पोलिश, इटालियन मित्रांसकट. एकाचंही नाटक सात मिनिटांत गुंडाळलं गेलं नाही, कारण संध्याकाळ त्यांचीच होती.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. या हौशी गटांचा एक महोत्सव आहे, ‘फीट्स’ म्हणतात त्याला. युरोपातल्या इंग्रजी बोलणाऱ्या नाट्यसंस्थांचा महोत्सव, 1976 मध्ये हेगला सुरू झाला. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या, जोडून आलेल्या सुट्टीत भरतो. यजमानपद फिरतं, कधी ब्रसेल्स, कधी हेग, कधी लक्झेंबर्ग, कधी जर्मनीतलं एखादं शहर. शुक्रवार ते सोमवार, रोज संध्याकाळी तीन एकांकिका. नियम साधे आणि निर्दय. एकांकिका वीस मिनिटांपेक्षा लहान नको, पन्नासपेक्षा मोठी नको. सेट लावायला दहा मिनिटं, काढायला पाच. घड्याळ घेऊन माणूस विंगेत उभा असतो.

दहा मिनिटांत सेट लावण्याची तालीम आम्ही पार्किंगमध्ये करतो. जमिनीवर खडूने स्टेज आखायचं, गाडीतून सामान काढायचं, कोण कुठलं टेबल उचलतं, कोण कुणाच्या मागून जातं, याची नाटकासारखीच हालचाल बसवायची. पहिल्यांदा सतरा मिनिटं लागली. मग कळलं की दोघं जण एकाच खुर्चीसाठी परत जातायत. नवव्या खेपेला नऊ मिनिटं वीस सेकंद. राज्य स्पर्धेत आम्ही सांगलीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लेव्हल (स्टेजवर मांडायचे लाकडी चौथरे) आणायचो त्याची आठवण झाली. फरक इतकाच की तेव्हा घड्याळ कुणी बघत नव्हतं आणि पहिली घंटा सेट लागल्यावर व्हायची.

आणि परीक्षण. हे बघायला तुम्ही एकदा याच. परीक्षक बहुतेक ब्रिटनहून येतो, तिकडे हौशी नाटकांच्या परीक्षकांची रीतसर संघटना आहे, त्यांची गुणपद्धत ठरलेली : अभिनयाला 40, दिग्दर्शनाला 35, मंचीय सादरीकरणाला 15, एकूण नाट्यपरिणामाला 10. रात्रीच्या तीनही एकांकिका संपल्या की परीक्षक स्टेजवर येतो आणि भरल्या सभागृहासमोर, नट आणि प्रेक्षक दोघांच्या देखत, प्रत्येक नाटकाबद्दल बोलतो. काय चाललं, काय घसरलं, कुठला दिवा उशिरा आला. पहिल्या वर्षी आमच्या नाटकाबद्दल तो म्हणाला की मेजावरची चहाची किटली रिकामी आहे हे तिसऱ्या रांगेतून कळतं, कारण ओतणाऱ्या नटीच्या मनगटाला वजन नाही. प्रॉपर्टी माझी. तीनेकशे लोकांसमोर मी खुर्चीत बुडाले. पण माणूस खरं बोलला होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक किटलीत पाणी असतं, कोमट, कारण गरम असेल तर कपावर वाफ धरते आणि गार असेल तर नट तोंड वेडंवाकडं करतात.

आपल्याकडे स्पर्धा नाहीत असं नाही. उलट या बाबतीत आपण त्यांचे वाडवडील शोभू. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून, पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून. तुमच्या मंडळात चाळिशीच्या पुढचा जो कुणी पुण्यात शिकलाय त्याला विचारून बघा, निदान तिघांपैकी एक जण ‘पुरुषोत्तम’च्या तालमींच्या आठवणी काढून हळवा होईल. कुणी दिवे केलेत, कुणी ऐनवेळी पार्श्वसंगीताची टेप उलटी लावलीय. ही सगळी माणसं आता आइंडहोव्हन, म्युनिक, झुरिक इथे मोठमोठ्या नोकऱ्या करतायत आणि वर्षातून एकदा तिसऱ्या रांगेत बसून पाहुण्यांचं नाटक बघतायत. आपल्याकडे कलाकार नाहीत म्हणून बाहेरून मागवावे लागतात, हे कुणी मला पटवून द्यावं.

पाहुणे बोलावूच नका, असं माझं म्हणणं नाही. व्यावसायिक संच येतो तेव्हा मीही रांगेत पहिली असते. पण हिशेब एकदा मांडा. अकरा माणसांचा संच म्हटला तर नुसत्या शेंगेन व्हिसाच्या शुल्काचेच, माणशी 90 युरोप्रमाणे, 990 युरो झाले. त्यावर विमानं, मुक्काम, मानधन, हॉल. एवढं करून नेपथ्य मुंबईतच राहतं आणि वाडा असलेलं नाटक काळ्या पडद्यासमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर होतं. नट बिचारे जेट लॅगमध्ये. आपण म्हणतो, काय मजा आली! दुसऱ्या दिवशी मंडळाकडे उरतं काय? सेल्फी. एक स्क्रूसुद्धा उरत नाही.

इंग्रजी गटांना मी देवपण देतेय असं वाटू नये, म्हणून हेही लिहिते. मी पहिल्यांदा नटनिवडीला गेले तेव्हा जाहिरातीत ‘सर्वांचं स्वागत’ होतं आणि स्वागत खरंच झालं. पण पहिली तीन वर्षं मला दोनच भूमिका मिळाल्या : मोलकरीण आणि डॉक्टर. दोन्हींत मिळून अकरा वाक्यं. माझ्या उच्चारांना कुणी हसलं नाही, फक्त प्रत्येक दिग्दर्शकाला माझ्यात तेवढंच दिसलं. त्यातूनच मी विंगेत गेले, खरं सांगायचं तर थोडी रागाने. नंतर ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, ओळखीचे बरेच ब्रिटिश गेले, काहींनी बेल्जियन नागरिकत्व घेतलं, आणि गटाला माणसं कमी पडू लागली. आता तालमीत आठ जण असले तर त्यांत पाच देश असतात. मागच्या वर्षी एका रोमानियन मुलीने नायिकेचं काम केलं आणि माझ्याकडे आईची भूमिका आली, अठ्ठावन्न वाक्यांची. गरजेपोटी उघडलेलं का असेना, दार उघडलं.

यावरून एक जुनी गोष्ट आठवते, ती खास आपली आहे. 1776 मध्ये मुंबईतल्या इंग्रजांनी बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या भागात, वर्गणी काढून थिएटर बांधलं. कंपनीचे अधिकारी स्वतःच नाटकं करायचे, तेही घरापासून हजारो मैलांवर आलेले हौशी लोकच. पुढे ते कर्जात बुडालं आणि विकावं लागलं. मग 1846 मध्ये ग्रँट रोडला नवं थिएटर उभं राहिलं, नाना शंकरशेटांनी दिलेल्या जागेवर. आणि 1853 मध्ये त्या थिएटरात विष्णुदास भाव्यांची मंडळी येऊन प्रयोग करून गेली. आमच्या सांगलीची. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही तिथे उभी राहिली. साहेबांच्या हौसेसाठी बांधलेल्या रंगमंचावर मराठी, गुजराती, हिंदुस्थानी नाटक वाढलं आणि साहेबांची नाटकं कोणती झाली हे आज संशोधकांपलीकडे कुणाला ठाऊक नाही. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनाच्या शुभेच्छा एकमेकांना पाठवताना आपण सगळे भाव्यांचे फोटो टाकतो. ते राजाच्या पदरी होते हे खरं, पण दौऱ्यावर निघाले ते पोटासाठी, बैलगाडीत सामान घालून, स्वतःचे पडदे स्वतः घेऊन.

तर मागणी. तुमच्या येत्या अंदाजपत्रकात एक ओळ घाला : ‘नाटक, स्वतःचं’. पाहुण्यांच्या कार्यक्रमाच्या खर्चाचा दहावा हिस्सा पुरे. त्यातून पहिल्या वर्षी फक्त साधनं घ्या. ड्रिल, स्क्रू, चार फ्लॅटचं लाकूड, काळं कापड, एलईडीचे सहा दिवे आणि ते ठेवायला कुणाच्या तरी गॅरेजचा कोपरा. हे सामान मंडळाच्या मालमत्तेत लिहा, म्हणजे अध्यक्ष बदलले तरी ते गॅरेजमध्ये राहील. महिन्यातून एका संध्याकाळी संहितावाचन ठेवा. त्याला हॉल लागत नाही, दिवाणखाना आणि चहा पुरतो. मराठी न येणारे नवरे, बायका, सुना, जावई यांना दिव्यांवर बसवा. दिव्यांना भाषा लागत नाही, फक्त इशारा लागतो. आणि लेखकाला पैसे पाठवा, थोडे का असेनात.

दुसऱ्या वर्षी एकांकिका. आणि तिसऱ्या वर्षी, सहा-सात मंडळं तयार झाली, तर आपला महोत्सव, फिरता. दर दोन वर्षांनी युरोपीय मराठी संमेलन भरतंच, त्याला जोडून नको, तिथे नाटकाला पुन्हा सातच मिनिटं मिळतील. वेगळा करा. पेंटेकॉस्टचा सोमवार बेल्जियम, नेदरलंड्स, जर्मनी, लक्झेंबर्ग सगळीकडे सुट्टीचा असतो, पण त्या दिवशी मी फीट्सला असते, म्हणून स्वार्थाने म्हणते, त्याच्या आधी दीडेक आठवडा येणाऱ्या असेन्शनच्या सणाची सुट्टी घ्या. वीस ते पन्नास मिनिटं, दहा मिनिटांत सेट, पाच मिनिटांत साफ. परीक्षक एकच, आणि त्याने बोलायचं स्टेजवरून, सगळ्यांसमोर. हे शेवटचं आपल्याला जड जाईल हे मला माहीत आहे. आपल्याकडे एकतर ‘फारच छान झालं’ म्हणतात किंवा घरी जाताना गाडीत बोलतात. पण किटलीत पाणी नाही हे कुणीतरी तोंडावर सांगायला हवं. दीपप्रज्वलन ठेवा हवं तर, दोन मिनिटांचं, आणि प्रायोजकांना कार्यक्रमपत्रिकेत अख्खं पान द्या, माइक देऊ नका.

मुलांच्या एकांकिकेला शनिवार दुपारची वेळ द्या, पहिली. तो कावळा आता सतरा वर्षांचा आहे, लूव्हनच्या विद्यापीठात जाणार म्हणतो. मागच्या महिन्यात आईबरोबर आमच्या इंग्रजी नाटकाला आला होता आणि मध्यंतरात मला विचारून गेला, दिव्यांच्या बोर्डवर कुणी लागणार असेल तर सांगा. मराठीत विचारलं. ‘ळ’ नीट आला.

प्रॉपर्टी माझ्याकडून. आत्तापर्यंत एका पत्र्याच्या ट्रंकेत हे जमलंय : दोन समया, एक कंदील, पानाचा डबा अडकित्त्यासकट, काळी छत्री (एक काडी मोडकी), फुंकणी, सूप, तीन चष्मे, गांधीटोपी दोन, कापडी पिशव्या भरपूर, जुनं पंचांग, रबरी सुरी, बंद पडलेलं मनगटी घड्याळ आणि पितळी तांब्या. तांब्याला एक पोच आहे, पण तो तिसऱ्या रांगेतून दिसत नाही. नेण्याआधी फक्त एक दिवस कळवा, आणि नेताना सही करून न्या. परत आणताना मी मोजून घेते.

तुमची,
ब्रसेल्सची एक प्रॉपर्टीवाली